दोन बोटं माया

बेदाण्याच्या शेडला भिंती नसतात. वर छप्पर, खाली खांब आणि मध्ये जाळीचे मजले, एकावर एक. त्यावर द्राक्षं पसरायची आणि वाऱ्याच्या हवाली करायची. वारा चारी बाजूंनी खेळायला हवा, म्हणून भिंत नको. फेब्रुवारी सरत आला की आमच्या तासगाव भागातली ही बिनभिंतींची घरं भरायला लागतात. आधी द्राक्षं बुडवून काढायच्या तेलकट पाण्याचा वास येतो. मग धुरी दिलेल्या बेदाण्याचा गंधकी वास येतो. तो नाकात बसला की मार्च लागला हे कॅलेंडर न बघता कळतं.

यंदाही कळलं. मी आता शेडवर जात नाही. बाग मुलगा बघतो. मी एसटीतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली की माझ्या वेळच्या गाड्याही भंगारात गेल्या. ओट्यावर खुर्ची टाकून बसतो आणि रस्त्यावरून जाणारे ट्रॅक्टर बघतो. परवा एका ट्रॉलीत ताडपत्रीचे पडदे गुंडाळून चालले होते. त्यांच्या काठाला नुसती एकेरी शिवण होती. पहिल्या वाऱ्यात उसवणार, असं मनात आलं आणि मागोमाग लक्षात आलं की हे मला कळायचं काही कारण नव्हतं. शिवणीकडे बघायची सवय मला दाजींनी लावली. दाजी गेल्या श्रावणात गेले. त्यांच्यावाचूनचा हा पहिला हंगाम.

दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, शालनचे, नवरा. नाव हणमंत. मूळचे आटपाडीकडचे, कोरडवाहू कुणब्याच्या घरातले. उमेदीची सगळी वर्षं फौजेत काढली आणि उरलेली तासगावच्या स्टँडमागच्या एका गाळ्यात शिलाई मशिनीवर. गाळ्यावर पाटी नव्हती. ‘मेजरांकडं टाकलंय शिवायला’ म्हटलं की कुणालाही कळायचं.

हे मेजरचं प्रकरण बाहेरच्यांना समजणार नाही. आमच्या सातारा-सांगलीकडे फौजेतून घरी आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. तो तिथं स्वयंपाकी असो, ड्रायव्हर असो, हवालदार असो. गावाच्या वेशीत पाय टाकला की मेजर. उद्या खरोखरचा मेजर गावात आला तर त्याला काय म्हणायचं, हा प्रश्न आमच्या गावाला अजून पडलेला नाही.

दाजी फौजेत टेलर होते. जवानांचे गणवेश मापात करायचे, फिती लावायच्या, तंबूंना ठिगळं मारायची, बर्फातल्या झोपायच्या पिशव्या सांधायच्या. बंदूक त्यांना शिकवलेली होती, पण काम मशिनीवरचं. एकदा मला म्हणाले होते, ‘‘गेल्याल्या मानसाला गुंडाळायचं कापड बी कुनीतरी शिवतंच की, पाव्हणं.’’ एवढंच म्हणाले आणि सुईत दोरा ओवायला लागले.

शिवणकामात एक शब्द आहे. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, पुढेमागे कपडा उसवून वाढवता यावा म्हणून, त्याला माया म्हणतात. दाजी माया फार सोडायचे. शाळेच्या गणवेशाला दुसरे शिंपी अर्धं बोट सोडत असतील तर हे दोन बोटं. आपल्या मुलीचा पाचवीतला फ्रॉक त्यांनी दर उन्हाळ्यात उसवून आठवीपर्यंत नेला. जुन्या दुमडीची रेघ दिसायची, म्हणून मुलगी रडायची. तर त्या रेघेवर त्यांनी निळी फीत लावली. पुढच्या वर्षी वर्गातल्या निम्म्या मुलींना तशी फीत हवी होती. शालन म्हणायची, ‘‘धंदा करायचा का दान करायचं, येकदा ठरवा.’’ बायकांचे कपडे मात्र त्यांनी कधी शिवले नाहीत. शालननं मापं घेऊच दिली नाहीत.

संसार चांगला झाला त्यांचा. हे मी मेहुणा म्हणून म्हणत नाही, शेजारी विचारलं तरी तेच सांगतील. एक मुलगा, एक मुलगी, दोघं मार्गी लागले. शालन दुखण्यात असायची तेव्हा दाजी भाकरी थापायचे, आणि भाकरी इतकी गोल की शालनला संशय यायचा, हा माणूस नेमका टेलर होता की कुक. पण त्या संसाराच्या कापडात एक धागा ओढलेला होता. शालनचा नवऱ्याच्या शब्दावर विश्वास नव्हता. तो का नव्हता, ते दाजींना माहीत होतं आणि मला माहीत होतं. शालनला जे माहीत होतं ते खोटं होतं. ते सरळ करावं म्हणून हे लिहितोय.

तेव्हा मी कंडक्टर होतो आणि आटपाडी-तासगाव गाडी माझ्याकडे होती. शालनला बघायला हणमंतराव रजेवर येऊन गेले होते. मुलगा फौजेत आहे, हे तीन शब्द वडलांना पुरले. तेव्हा ते सगळ्यांनाच पुरायचे. शालननं मैत्रिणींना सांगून टाकलं होतं की नवरा लढाईवरचा आहे. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. अशात एक दिवस आटपाडीच्या स्टँडवर हणमंतराव माझ्या गाडीत चढले. माझ्या शेजारच्या सीटवर बसले. गाडी गावाबाहेर पडल्यावर म्हणाले, ‘‘पाव्हणं, येक बोलू का?’’

‘‘बोला की.’’

‘‘मी फौजेत हाय, पर टेलर हाय. तुमच्या घरात ह्ये ठावं हाय न्हवं?’’

मी पेटीतली तिकिटं सारखी करायला लागलो. घरात ठाऊक नव्हतं. आमचे वडील जुन्या वळणाचे. कुणब्याच्या हातात नांगर असावा नाहीतर बंदूक; सुई असेल तर ती घरातल्या बाईच्या हातात. हे त्यांचं मत होतं आणि ते बदलणारं नव्हतं.

‘‘तुमच्या भनीला सांगा,’’ हणमंतराव म्हणाले. ‘‘नगं म्हनल्या तर मला राग न्हाई. पर नंतर कळाय नगं.’’

‘‘सांगतो,’’ मी म्हणालो आणि पुढचा थांबा आला म्हणून घंटीची दोरी ओढली.

सांगितलं नाही. कारण सांगतो. बहीण उजवल्याशिवाय भावाचं लग्न करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. शालनची दोन स्थळं आधीच मोडली होती. माझ्यासाठी कोरेगावची मुलगी बघून झालेली होती आणि तिकडची माणसं किती थांबणार, असं मला रात्रंदिवस वाटत होतं. हणमंतरावांचं स्थळ मोडलं असतं तर कोरेगावचं माझंही गेलं असतं. एवढंच. याहून मोठं किंवा चांगलं कारण मी पुढे पुष्कळ शोधलं, मिळालं नाही. लग्न लागलं. दाजींना वाटलं, बाई सगळं ऐकून हो म्हणाली. शालनला वाटलं, आपल्याला बंदूकवाला मिळाला.

पुढे दाजींना कुटुंब नेता येईल अशी जागा मिळाली तेव्हा शालन तिकडे गेली. पहिल्या बाळंतपणाला दाजी तिला माहेरी सोडायला आले. आल्या आल्या ती स्वयंपाकघरात पाट घेऊन बसली आणि आईला म्हणाली, ‘‘फसवलं मला ह्येनी. मशिनीवर बसून काजं करत्यात तितं. काजं! आन् मी हितं गावभर सांगून बसली.’’

मी चुलीजवळ होतो. दाजी तिची पिशवी घेऊन दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आधी सांगून ठेवलेला थांबा मागं गेला की प्रवासी कंडक्टरकडे बघतो, तसं. त्यात राग नसतो. याला ऐकू गेलं नव्हतं की काय, एवढंच असतं. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, ‘‘चुकलं माजं. सांगाय पायजे हुतं.’’

मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. आईनं चहा ठेवला. मी चहा प्यालो.

माणूस एकदा खोटा ठरला की त्याच्या खऱ्यालाही कुणी विचारत नाही. शालन त्यांच्यावर ओरडायची नाही. ती फक्त त्यांनी सांगितलेली गोष्ट दुसऱ्याला विचारून घ्यायची. गाडी किती वाजता आहे हे दाजींनी सांगितलं तरी मला निरोप यायचा. दाजी फौजेतलं काही सांगायला लागले की ती म्हणायची, ‘‘झालं सुरू मेजरांचं!’’ मुलांनीही ते उचललं. पप्पांचं बोलणं निम्म्यानं घ्यायचं, असा घरात नियमच झाला. दाजी हसायचे आणि मशिनीची पायाखालची फळी हलवायला लागायचे. हळूहळू ते सांगायचेच बंद झाले. घरात मशिनीचा आवाज जास्त आणि माणसाचा कमी.

हंगामांपैकी एक हंगाम मला विसरता येत नाही. दाजी फौजेतून कायमचे येऊन दोनेक वर्षं झाली असतील. माझी शेड तेव्हा नवी. अवकाळीची भीती सगळ्यांनाच असते, पण उपाय म्हणजे छपरावर जादा प्लास्टिक, यापलीकडे कुणाचं डोकं जात नव्हतं. दाजींनी शेडच्या चारी बाजूंना ताडपत्रीचे पडदे शिवून दिले. मशीन ट्रॅक्टरमधून आणली आणि चिंचेखाली मांडली. पडदे वर गुंडाळून दोरीनं बांधायचे. दोरीला अशी गाठ की एक हिसका दिला की सबंध पडदा खाली. ‘‘तंबूची रीत हाय,’’ म्हणाले. येणारेजाणारे गंमत म्हणून एकेक दोरी ओढून बघायचे आणि दाजी न कंटाळता पडदा परत गुंडाळायचे.

बेदाणा तयार होत आला होता. शालन आणि वस्तीवरच्या बायका खाली पडलेला माल निवडत बसल्या होत्या. आभाळ निर्मळ होतं, वारा चांगला होता. अशा वाऱ्यात पडदे सोडले तर माल घामेजतो, म्हणून सगळे वर बांधलेले. दाजी भावकीतल्या लग्नाला आटपाडीला गेले होते. दुपारी ते फाट्यावर उतरून शेतातून जवळजवळ पळतच आले. लग्नातला फेटा काखेत.

‘‘पाव्हणं, पडदं सोडा. आटपाडीच्या अलीकडं गारा पडल्यात. गाडीच्या टपावर नुसता ताशा वाजत हुता.’’

शालननं मान वर करून बघितलं. ‘‘आवं, डोस्क्यावर ऊन बगा की! ह्येस्नी जितं तितं लढाईच दिसती. दादा, ह्येंच्या बोलन्यावर जाऊ नगंस. आमचं लगीन सुदीक ह्येंच्या बोलन्यावरच झालंया!’’

बायका फसफसून हसल्या. एक म्हणाली, ‘‘मेजर, गोळी कुटनं आली?’’

दाजींनी माझ्याकडे बघितलं. त्या शेडमध्ये इतकी माणसं होती, त्यांत हा माणूस खोटं बोलत नाही हे खात्रीनं ठाऊक असलेला मी एकटाच होतो. माल माझा होता, शेड माझी होती. मी म्हणालो, ‘‘बघू संध्याकाळी.’’ आणि तेही हसतच म्हणालो.

पूर्वेकडून आलं ते. आधी धुळीची भिंत आली, मग अंधारलं. माझा चहाचा कप अजून हातात होता. दाजी तोवर पूर्वेच्या बाजूला जाऊन उभेच होते. एकेक दोरी ओढत ती सबंध बाजू त्यांनी एकट्यानं झाकली. आम्ही उठेपर्यंत वारा फिरला आणि उरलेल्या बाजूंनी पाऊस आडवा आत शिरला. भिजलेला बेदाणा आधी फुगतो, मग चिकटतो, मग काळा पडतो. पूर्वेकडचा तेवढा पिवळा राहिला. नंतर कितीतरी दिवस त्या शेडमध्ये कुठवर एका माणसाचा हात पोचला होता, ते मालाच्या रंगावरून दिसत होतं.

शालन पदर डोक्यावर घेऊन उभी होती. म्हणाली, ‘‘येकदा खरं निगालं म्हून काय रोज खरं आसतंय?’’ पण आवाज नेहमीचा नव्हता.

पाऊस थांबल्यावर दाजी चिंचेखाली शर्ट पिळत होते. मी जवळ गेलो. ‘‘दाजी, मी शालनला सांगून टाकतो.’’

‘‘काय?’’

‘‘गाडीतलं. तुम्ही सांगितलेलं.’’

त्यांनी शर्ट झटकला. दोन्ही खांदे धरून, शिवणी जुळवून, फांदीवर टाकला. मग म्हणाले, ‘‘नगा. तिचा माज्यावरचा राग रोजचा हाय, भाकरीसंगं खाऊन संपतो. तुमच्यावर आला तर ती जाईल कुटं? म्हायेर म्हून तुमचंच दार हाय.’’

त्या वेळी मला ते फार थोर वाटलं. आता तसं वाटत नाही. थोर ते होतेच, पण मला दिसायला हवं होतं ते वेगळंच. मला सुटका हवी होती आणि ती त्यांनी देऊ केली. मी दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. त्यांनी एकदा ‘नको’ म्हटलं आणि मी लगेच ‘बरं’ म्हणालो. त्यानंतर दर वर्षी नवीन कारण पिकत गेलं. आई आजारी आहे, शालनच्या मुलीचं लग्न आहे, आता म्हातारपणी कशाला. बागेला एखाद्या वर्षी फळ धरत नाही. माझ्या कारणांना कधी खाडा पडला नाही.

दाजी गेले तेव्हा तालुक्यातले माजी सैनिक आले होते. दहाव्याला कुणी पुढारी बोलायला उभे राहिले. मेजर हणमंतरावांनी सीमेवर शत्रूशी कशी झुंज दिली, ते त्यांनी हात उंचावून सांगितलं. त्यांना काही माहीत नव्हतं, पण त्यांना थांबवणार कोण? बायकांत बसलेली शालन हळूच म्हणाली, ‘‘व्हय, सुई घिऊन.’’ शेजारच्या दोघींनी पदर तोंडाला लावला. शालनचे डोळे रडून सुजलेले होते आणि तरीही ती हे म्हणाली. तिला दुसरं काही म्हणायची सवयच उरली नव्हती. मलाही बोलायला सांगितलं. माझा घसा बसलाय, असं मी खुणेनं दाखवलं.

परवा ती ट्रॉली गेल्यावर मी उठलो आणि मुलाला म्हणालो, तासगावला सोड.

शालन गाळ्यात बसली होती. मशीन आता सून चालवते; शाळेच्या गणवेशांची कामं आतापासूनच आलेली आहेत. शालनपुढे सुपात बेदाणा होता, त्यातल्या काड्या ती काढत होती. तिच्या नजरेला अजून चष्मा लागत नाही. मी समोर बसलो आणि पाणी प्यायच्या आत सांगून टाकलं.

‘‘शालन, दाजींनी मला लग्नाआधीच सांगितलं होतं. टेलर असल्याचं. तुला सांगा म्हणाले होते. मी सांगितलं नाही.’’

तिचे हात थांबले नाहीत. ‘‘कुटं सांगितलं हुतं?’’

‘‘गाडीत.’’

‘‘कुनाच्या?’’

‘‘माझ्याच. आटपाडीच्या.’’

‘‘तिकिट फाडलं का त्येंचं?’’

‘‘फाडलं.’’

‘‘म्हंजी तिकिट फाडलं आन् निरोप गिळला,’’ शालन म्हणाली. ‘‘एसटीला बुडीवलं न्हाई, भनीला बुडीवलं.’’

हे ती चिडून म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसतं म्हणाली. मी माझं कोरेगावचं कारण सांगायला लागलो. तिनं हात वर केला. ‘‘ऱ्हाऊ दे. वैनी चांगली निगाली.’’

सुनेनं मशीन थांबवली होती. शालननं सुपातली एक काडी उचलून बाजूला टाकली. मला वाटलं, आता उठायला सांगेल. माझं माहेर तुटलं असं म्हणेल, किंवा रडेल. मी त्या सगळ्याची तयारी करून गेलो होतो.

ती म्हणाली, ‘‘मग त्यो नाला बी खराच आसंल.’’

‘‘कुठला नाला?’’

‘‘बर्फातला. पोरं ल्हान हुती तवाचं ह्ये. ह्येनी सांगाय लागलं, नाल्याच्या पल्याड दोगं जवान अडाकलं हुतं. दोर पुरंना. तर ह्येनी तंबूचं कापड फाडून, चौपदरी करून, पट्टं शिवलं. उघड्यावर बसून, हातानं. बोटं गारठल्याली. सुई धरल्याली कळंना म्हनं, रगात आलं की कळायचं सुई हाय.’’ तिनं स्वतःची बोटं बघितली. ‘‘मी म्हनलं, पुरं करा तुमची लढाई, चूल इझाय लागली, लाकडं आना.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय. उटलं आन् लाकडं आनली.’’

तिनं माझ्याकडे बघितलं. ‘‘पट्टं टिकलं का रं, दादा? निगालं का त्ये दोगं पल्याडनं?’’

मला माहीत नव्हतं. मला त्यांनी ही गोष्ट कधी सांगितलीच नव्हती. मुलांना विचारून उपयोग नाही, हे तिलाही कळत होतं.

ती सुनेकडे वळली. सूप बाजूला सारलं आणि म्हणाली, ‘‘आगं, हिकडं बस. तुज्या सासऱ्यांचं सांगती.’’ आणि तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. बर्फ, नाला, पल्याडचे दोघं, चौपदरी पट्टे, गारठलेली बोटं. सून मशिनीवरचा हात काढून ऐकत होती. एवढं नीट, एवढं सावकाश शालनला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. पट्टे शिवून झाले आणि ती थांबली.

‘‘फुडं काय झालं, आत्ती?’’ सुनेनं विचारलं.

‘‘फुडचं,’’ शालन म्हणाली, ‘‘मी ऐकून घ्येतलं न्हाई.’’